पातळ रक्ताचं घर

आमच्या घरात टोक असलेली एक तरी वस्तू शोधून दाखवा, अशी पैज दादा घरी आलेल्या पाहुण्यांशी लावायचा आणि दर वेळी जिंकायचा. नाशिकच्या भांडी बाजारात खाली अण्णांचं दुकान आणि वर आम्ही, अशी आमची राहण्याची सोय होती. अण्णा म्हणजे माझे वडील. नवीन ताट, वाटी किंवा तांब्या वर येण्याआधी अण्णा त्याची कड कानसीने घासायचे, मग तिच्यावरून स्वतःचा अंगठा फिरवायचे आणि मगच आईच्या हातात द्यायचे. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. पाटाच्या खिळ्यांवर कापूस ठेवून वर चिकटपट्टी लावलेली होती. विळी एका लाकडी पेटीत कुलपात असायची आणि आईला कांदा चिरायचा असला की किल्ली शोधण्यापासून स्वयंपाकाला सुरुवात व्हायची. खालच्या आळीत सकाळपासून तांब्या-पितळेवर ठोके पडत राहायचे. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, त्यामुळे अजूनही एकोणतीसचा पाढा म्हणायचा झाला तर मी मांडीवर हाताने ठेका धरते.

हे सगळं दादासाठी होतं. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, नाव विनायक, आणि त्याला हिमोफिलिया होता. हा शब्द आमच्या गल्लीत कुणालाच म्हणता यायचा नाही, म्हणून सगळे 'विन्याचं रक्ताचं' एवढंच म्हणायचे. त्याला खरचटलं की रक्त थांबायचं नाही हे लोकांना माहीत होतं. पण खरा त्रास बाहेरच्या रक्ताचा नव्हता. नुसता गुडघा मुरगळला तरी आतल्या आत रक्त साचायचं, गुडघा नारळाएवढा व्हायचा आणि दादा दोन-दोन आठवडे पाय उशीवर ठेवून पडायचा. आज त्यावर सुईचं औषध मिळतं, दादा स्वतः ते शिरेत टोचून घेतो आणि टोचताना मला फोन करून गप्पा मारतो. तेव्हा बर्फ होता, पट्टी होती, आणि फारच झालं तर दवाखान्यात कुणाच्या तरी रक्तातलं पाणी चढवायचे. आळीतले सगळे धट्टेकट्टे कारागीर त्यासाठी रांगेत उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आमचे डॉक्टर सोनटक्के मोठे सज्जन. त्यांनी एकदा दुकानात बसून अण्णांना हा आजार समजावला. रक्त गोठायचं म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नाही, रक्तात त्यासाठी बरेच घटक असतात, त्यांना नंबर दिलेले आहेत, आणि एकाने पुढच्याला कामाला लावायचं अशी ती साखळी असते, असं ते म्हणाले. अण्णांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा डॉक्टरांनी समोरच्या आळीकडे बोट दाखवलं. तुमच्याकडे पत्रा कापणारा वेगळा, ठोकणारा वेगळा, जोडाला डाग देऊन फट बुजवणारा वेगळा. आता समजा तो डाग देणारा कामावर आलाच नाही, तर हंडा होईल का?

"होईल की," अण्णा म्हणाले, "पण गळेल."

"बस, हेच," डॉक्टर म्हणाले. "विनायकचा आठव्या नंबरचा घटक जेमतेम येतो. बाकी सगळे हजर असूनही रक्त गळत राहतं."

त्या दिवसापासून घरात आठव्याबद्दल माणसासारखं बोलायला लागले. दादा पडला की अण्णा विचारायचे, आठवा आज पण दांडी मारून बसला का रे. हा आजार आईकडून मुलाकडे येतो आणि मुली फक्त तो पुढे वाहून नेतात, असंही डॉक्टर बोलून गेले. ते वाक्य आईला आयुष्यभर पुरलं. मी त्या वेळी एवढंच समजले की मोठेपणी मला काहीतरी जड उचलावं लागणार आहे.

डॉक्टरांच्या विरुद्ध पक्षात आमची आत्या होती. ती नांदगावहून आमच्याकडे राहायला आली ती कायमचीच. तिच्याजवळ स्वतःचं शास्त्र होतं आणि ते फार सोपं होतं. मुलाचं रक्त पातळ आहे, तर त्याला घट्ट खायला घाला. त्यामुळे दादाच्या ताटात आमटी कधी पडली नाही. त्याचं पिठलं असं घट्ट असायचं की उलथन्याने कापून वाढावं लागायचं. भात गोळा झालेला, वरणाचा लगदा, आणि ताक तर त्याच्या दृष्टीलाही पडू द्यायचं नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण ह्याच शास्त्राने दुधाऐवजी त्याला बासुंदी मिळायची आणि दह्याऐवजी चक्का. मी सुदृढ, म्हणून उरलेलं पातळ सगळं माझं. बुधवारच्या बाजारातून आई एखादी चांगली भाजी आणायची, तिचा घट्ट भाग दादाला आणि रस्सा मला. डॉक्टरांनी आत्याला दोनदा सांगून पाहिलं की खाण्याच्या दाटपणाचा आणि रक्ताचा संबंध नाही.

"डाक्टर शिकल्यालं हाय, पण त्यानं सैपाक कुठं केलाय?" आत्या म्हणाली. "पातळ आमटीत पीठ लावलं का आळती का नाय? मंग रगत काय निराळं हाय?"

डॉक्टर आपली पिशवी उचलून जिना उतरले. दादा मात्र बासुंदीची वाटी माझ्याकडे तोंड करून, सावकाश, बोटाने चाटूनपुसून संपवायचा आणि शेवटी म्हणायचा, "काय करणार मंगे, आजारच वाईट."

माझं नाव मंगल. घरातलं माझं काम एकच, दादावर नजर ठेवणं. शाळेत जाताना मी पुढे चालून दगड बाजूला करायची, येताना मागे चालायची. शिक्षक त्याला मारत नसत, पोरं त्याला ढकलत नसत, आणि जे ढकलायचे त्यांना मी ढकलायची. त्यामुळे माझ्या अंगावर कायम काळेनिळे डाग. हाताला, मांडीला, कधी पाठीला, कुठे लागलं ते मलाही आठवायचं नाही. आत्या म्हणायची, ही पोर नाय, माकड हाय. उन्हाळ्यात माझा घोळणा फुटायचा आणि अर्धा तास नाकातून रक्त यायचं. मग डोक्यावर पाणी थापायचे, कांदा फोडून नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, उन्हात हुंदडते ना, भोग. मी न्हातीधुती झाले तेव्हा बाकीच्या मुलींचे चार दिवस आणि माझे आठ. आई म्हणाली, माझंही असंच आहे, आपल्याकडच्या बायकांचं असंच असतं. आज हे लिहिताना मला हसू येतं आणि रागही येतो. घरात सगळ्यांना रक्ताची एवढी ओळख होती, आणि तरी माझ्या रक्ताकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. मला मनातून फार वाटायचं की एकदा, एकदाच, कुणीतरी घाबरून ओरडावं की मंगीला बघा. दादाला साधी शिंक आली तरी तीन माणसं धावायची.

मी चौदा वर्षांची झाले त्या वर्षी फेब्रुवारीत दादाचा उजवा गुडघा तिसऱ्यांदा सुजला. या वेळी डॉक्टर हसले नाहीत. याच गुडघ्यात आणखी एकदा रक्त साचलं तर सांधा कायमचा आखडेल, असं त्यांनी आई-अण्णांना दादाच्या समोरच सांगितलं. तपासता तपासता ते आणखी एक वाक्य बोलले आणि तिथेच घात झाला. धावपळीने किंवा आनंदाने सुद्धा आठवा घटक थोडा वाढतो, पण ज्याच्याकडे मुळात बऱ्यापैकी आहे त्याच्यातच, असं ते म्हणाले. दादाने त्यातला अर्धा भाग उचलला. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला की त्याला खऱ्या औषधाचा शोध लागला आहे आणि ते औषध म्हणजे रहाडीत धप्पा.

नाशिकच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आम्ही रंग खेळतो तो रंगपंचमीला, आणि आमच्या जुन्या गावात रहाडी आहेत. रहाड म्हणजे रस्त्याखालचा दगडी हौद, चांगला पुरुषभर खोल. वर्षभर त्यावर फळ्या आणि माती असते, वरून गाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी तो उघडायचा, धुवायचा, फुलं उकळून काढलेला रंग त्यात भरायचा, पूजा करायची आणि मग एकेकाने वरून उडी घ्यायची. त्या उडीला धप्पा म्हणतात. ज्याच्या उडीने काठावरचे लोक जास्त भिजतील तो शूर. आमच्या जवळच्या रहाडीचा रंग गडद केशरी, जवळजवळ लाल. रंग उकळायचे मोठे हंडे अण्णांच्या दुकानातून जायचे, म्हणून अण्णांना पूजेला मान होता. आणि हंडेवाल्याचा मुलगा दर वर्षी पिचकारी घेऊन खिडकीत. त्याच्या वर्गातल्या पोरांनी त्याला धप्प्याच्या गोष्टी सांगून सांगून जेरीस आणलं होतं.

मी त्याला गुडघ्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, पाण्यात पडायचं आहे, दगडावर नाही, आणि पाण्याला कुठे टोक असतं? हा मुद्दा मला पटला. आम्ही तयारी केली ती कुठल्याही डॉक्टरने शाबासकी द्यावी अशी. गुडघ्याला आधी कापूस, त्यावर ताणपट्टी, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वरून अण्णांचा जुना पायजमा. मी आधी उडी मारून पाणी किती आहे आणि तळाला काही खडा-बिडा आहे का ते बघणार, मग तो. मुलींनी गर्दीच्या वेळी रहाडीत उतरायची पद्धत नव्हती, म्हणून मी दादाचा सदरा घातला, वेणी टोपीखाली कोंबली आणि तोंडाला आधीच रंग फासला. आत्याला दादाने सांगितलं की तो बाहेरच्या खोलीत झोपतोय, त्याचं अंग मोडून आलंय. अंग मोडून आलंय म्हटल्यावर आत्या त्याच्यासाठी शिरा करायला बसली, आणि शिरा घट्ट व्हायला वेळ लागतो. आम्ही जिन्याने खाली.

पूजा होऊन गेली होती, अण्णा हंड्यांच्या बाजूला गेले होते. काठावर ही गर्दी. मी डोळे मिटून उडी घेतली. तो क्षण मला आजही सांगता येत नाही. कोमट पाणी, डोक्यावरून लाल उजेड, आणि कान एकदम बंद. मी तळाला पाय टेकवले, खडा नव्हता, वर आले आणि दादाला खूण करायला हात उचलला. तेवढ्यात कुणाला तरी धीर निघाला नाही आणि वरून एक दांडगा पोरगा आला. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं.

दुखलं तसं फारसं नाही. मला दोघांनी बाहेर ओढलं, मी काठावर बसले, ओठाच्या आत काहीतरी फाटलं होतं आणि तोंडात खारट लागत होतं. सदरा केशरी, हात केशरी, सगळं गाव केशरी, कुणाला काय दिसणार? मी दादाकडे बघून मान हलवली, चल, पाणी चांगलं आहे. तो काठावर उभा होता. त्याची पाळी आली होती. पोरांनी त्याला ओळखलं होतं आणि सगळे मिळून त्याचं नाव घेत होते, विन्या, विन्या. एवढ्या लोकांनी त्याचं नाव घ्यायची ती पहिलीच वेळ. त्याने गुडघे वाकवले, हात मागे नेले. मग त्याने माझ्या हनुवटीकडे बघितलं.

रंग वाळतो. रक्त वाळत नव्हतं. हनुवटीवरून एक धार हळूहळू सदऱ्यावर चालली होती, आणि रंग आणि रक्त यातला फरक त्या गर्दीत एकट्या दादालाच कळत असणार. तो काठावरून मागे झाला. मागच्या पोराने त्याला भित्रा म्हटलं, बाकीचे हसले. दादाने मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्याजवळ येऊन तो खाली बसला, माझ्याच सदऱ्याचं टोक पिळून ओठाखाली दाबलं आणि हुकूम सोडायला लागला.

"थुंकू नकोस. चूळ भरायची नाही. बोलू पण नकोस."

"अरे, थांबेल आता."

"बोलू नकोस म्हटलं ना. माझं कधी थांबलंय?"

घरी पोचलो तेव्हा आई जिन्यातच भेटली. तिने माझ्या अंगावरचा दादाचा सदरा पाहिला, त्यावरचं रक्त पाहिलं आणि दादाला धरलं. त्याला पाटावर बसवलं, बाह्या वर केल्या, केस बाजूला करून डोकं पाहिलं, कानामागे पाहिलं. आत्या शिऱ्याची कढई घेऊन तशीच धावत आली आणि तिने त्याचा पायजमा वर केला. सायकलची ट्यूब दिसताच तिने कढई बाजूला ठेवली आणि ती ट्यूब सोडवायला घेतली. अण्णांना कुणीतरी सांगितलं, तेही आले, त्यांनी सोबत बर्फही आणला, आणि तो दादाच्या गुडघ्यावर ठेवला. दादा सारखा सांगत होता, मला काही झालं नाही, माझं रक्त नाही, मंगीचं आहे. कुणी ऐकेना. मी दारात सदऱ्याचं टोक दाबून उभी, बोलायची मला मनाई होती. शेवटी दादाने आईचे दोन्ही हात धरले आणि तिला माझ्या दिशेने वळवलं.

"आई, मंगीला बघ."

आईने बघितलं. माझ्या पायाशी जमिनीवर थेंब साचले होते.

डॉक्टरांनी बर्फाचा बोळा धरायला दिला आणि लहानसा मार आहे, तासाभरात थांबेल म्हणून सांगितलं. थांबलं, पण रात्रीचं पुन्हा सुरू झालं. सकाळी उशी भरली होती. डॉक्टरांनी टाका घातला. टाक्याच्या भोवतीनेही पाझरत राहिलं. तेव्हा त्यांनी माझ्या हातावरचे जुने डाग पाहिले आणि आईला माझ्या नाकाचं, महिन्याचं, सगळं विचारलं. आई सांगत गेली, तसा तिचा आवाज बारीक होत गेला. मुलींना होत नाही असं मी शिकलोय, डॉक्टर म्हणाले, पण आता मी शिकलेलं बाजूला ठेवतो. माझं रक्त बर्फात घालून मुंबईला गेलं. उत्तर आलं ते त्यांनी अण्णांना त्यांच्या भाषेत सांगितलं. बाकीच्यांचा आठवा रुपयाभर असतो, विनायकचा दोन-तीन पैसे, आणि मंगलचा चार आणे. चार आण्यांत रोजचं भागतं. ठेच लागली की कमी पडतं. डोकेदुखीची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, दात काढायचा तर आधी सांगायचं, आणि पुढे बाळंतपणात विशेष जपायचं. पुढे माझ्या दोन्ही बाळंतपणांत आठवा आपणहून वाढला आणि नंतर पुन्हा पळाला. तो आमच्या घरातल्या पुरुषांपेक्षा तेवढ्यापुरता शहाणा निघाला.

तोंडात जखम असल्यामुळे डॉक्टरांनी मला आठवडाभर गार आणि पातळ खायला सांगितलं, शिवाय आईस्क्रीम, रोज. दादाने हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आत्याला मात्र सगळं उलगडलं. ती माझ्या उशाशी बसून, डोळ्याला पदर लावून आईला म्हणाली, "मीच पोरीला इतकी वर्सं ताक पाजलं. माझ्यामुळं पातळ झालं तिचं." एरवी आईकडच्या रक्ताला नावं ठेवणारी आत्या त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःकडे दोष घेत होती, तोही चुकीचा. आईने तिला दुरुस्त केलं नाही. मला वाटतं, आईला तेवढाच विसावा मिळाला.

उत्तर आलं त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात एकटीच रडत होती, आवाज होऊ न देता, पण आमच्या दोन खोल्यांत कळायचं. दादा आणि मी बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी पडलो होतो. मी त्याला विचारलं की तो काठावर होताच, पोरं नाव घेत होती, एक उडी मारायला कितीसा वेळ लागला असता? मारून आला असता आणि मग मला घरी आणलं असतं.

"आणि मला लागलं असतं तर?"

"तर काय?"

"तर तुझ्याकडे कुणी बघितलंच नसतं," दादा म्हणाला. "मला माहितेय ना आपलं घर."

 त्याला सगळं दिसत होतं, बासुंदीच्या वाटीआडूनही दिसत होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. ते त्याला कळलं असावं, कारण तो लगेच कुशीवर वळून म्हणाला, "शिवाय बरंच झालं. आता आई अर्धा वेळ तुझ्यामागे लागेल, मी जरा मोकळा हिंडेन."

मी उशी उचलून त्याच्या डोक्यात घातली. त्याने तीच उशी माझ्या डोक्यात घातली. दोघेही एकदम ओरडलो, तो "आई गं" आणि मी "आई गं", आणि आई पदराने तोंड पुसत धावत आली. ती दारातच थबकली. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत ती तिथेच उभी राहिली, आधी कुणाकडे जावं हे तिला कळेना.